एकोणतिसावा दिवस

खोली भाड्यानं घ्यायला मी पहिल्यांदा त्या घरी गेले, तेव्हा काकांनी मला खोलीच्या आधी ड्रिल दाखवलं.

जेवणाच्या टेबलावर तीन खोकी उघडी पडली होती आणि प्रत्येकात एकेक ड्रिल मशीन होतं. बिनवायरचं, बॅटरीवर चालणारं, अजून प्लास्टिकच्या पिशवीतलं. काका म्हणाले, "बरं झालं आलीस. हात पुढे कर." मी केला. त्यांनी तळहातावर एक ड्रिल ठेवलं. मग ते उचलून दुसरं. मग तिसरं.

"कुठलं हातात बसतंय?"

मला वाटलं, अमेरिकेत भाडेकरूंची अशीच परीक्षा घेत असतील. चुकलं तर खोली जाईल. मी चाचरत म्हटलं, "मधलं."

"का?"

"पुढे झुकत नाही ते."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि एका वहीत काहीतरी लिहिलं. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या पोरीला आधी पाणी तरी विचारा. परवा उतरलीय ती विमानातून. तिला खोली बघायचीय, तुमची स्थळं नाही."

खोली मिळाली. एडिसनला, ओक ट्री रोडपासून चालत पंधरा मिनिटांवर, तळघरातली. पुढची अडीच वर्षं मी तिथं राहिले आणि त्यातली दोन वर्षं काका ड्रिल निवडत होते. त्याआधी किती निवडत होते ते काकूंना विचारलं, तर त्या नुसता हात हवेत फिरवायच्या.

काकांबद्दल लिहायचं तर आधी थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि तेच मला नीट जमत नाही. मी विट्याची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाकीच्या मुलामुलींना ज्या गोष्टी न शिकवता येत होत्या, त्या मला चोरून बघून शिकाव्या लागत. प्रोफेसरला ईमेल कसा लिहायचा, वर्गात एखादी गोष्ट कळली नाही तर तोंड कसं उघडायचं. बहुतेक वेळा मी उघडायचेच नाही. पहिल्याच आठवड्यात काकूंनी विचारलं, "बाबा काय करतात गं?" आणि मी म्हटलं, "फर्निचरचा बिझनेस आहे." ते खोटं नव्हतं. पण माझे आप्पा सुतार आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला ते आणि एका बाजूला रंधा, असा तो बिझनेस. लहानपणी मी त्या शेडमध्ये भुश्श्यावर बसून अभ्यास केलेला. हे मी काकूंना का सांगितलं नाही, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. एकदा बोलून गेले आणि मग ते दुरुस्त करायला धीर होईना.

काका पुण्याचे. बत्तीस वर्षं एका वीज कंपनीत जमिनीखाली केबल टाकण्याच्या खात्यात होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. "साधं वायरचं ड्रिल का नाही घेत?" असं त्यांना सगळेच विचारायचे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आयुष्यभर वायरी ओढल्या. आता माझ्या घरात मला दावं नको."

एरवी काका निर्णय घ्यायला मुळीच कचरत नसत. कलिंगड एका टिचकीत घ्यायचे. घर वीस मिनिटांत घेतलेलं. काकू एकदा म्हणाल्या, "मला बघायला आलात तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणालात की! मग ह्या मेल्या यंत्रालाच चार वर्षं?"

काका शांतपणे म्हणाले, "तेव्हा बॅटरी बदलायची सोय नव्हती."

काकूंनी लाटणं उगारलं. पण हसत होत्या.

बॅटरीचं काकांचं तत्त्वज्ञान मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत सांगेन. माणूस ड्रिल घेतो असं त्याला वाटतं, पण तो घेतो बॅटरी. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. म्हणजे आज ज्या कंपनीचं ड्रिल आणाल, उद्या करवत तिचीच, परवा पॉलिशचं मशीन तिचंच, अंगणातला पाचोळा उडवायचा पंखासुद्धा तिचाच. "ही सोयरीक आहे," काका म्हणायचे. "पोरगी एक येते, पण पाहुणे आयुष्यभर येतात. म्हणून आधी घराणं बघायचं." त्यासाठी त्यांनी त्या वहीत प्रत्येक कंपनीचं एक पान केलं होतं. त्यात त्या बॅटरीवर आणखी काय काय चालतं त्याची यादी, आणि खाली शेरा. "घराणं मोठं, पण वजनदार." "दिसायला उत्तम, आवाज कर्कश." एका पानावर फक्त "गर्विष्ठ" एवढंच लिहिलेलं होतं.

व्होल्टला भुलायचं नाही, हे दुसरं तत्त्व. दुकानात सगळे अठरा व्होल्टच्या मोठ्या यंत्रांपुढे गर्दी करत. काका म्हणत, "अठरा व्होल्ट खोक्यावर वाचायला बरे. तासभर डोक्याच्या वर धरल्यावर मनगटाला विचार." आणि ह्यासाठी त्यांची स्वतःची कसोटी होती. यंत्राला बॅटरी लावून, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे धरायचा आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. दाहेपर्यंत यंत्राचं टोक हललं नाही, तर यंत्र हाताला मानवलं. एकोणतीसचाच का? तर शाळेत तोच पाढा न आल्यामुळे त्यांना एकदा हात पुढे करून उभं केलं होतं. "तेव्हापासून हाताला त्याची सवय आहे," ते म्हणत.

मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात, लाकडाच्या वासात, पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस हातात ड्रिल रोखून "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर" म्हणतोय आणि लाल एप्रन घातलेला पोरगा दोन पावलं मागं सरून बघतोय, हे दृश्य मी दर शनिवारी बघितलंय. काका मला बरोबर न्यायचे, कारण पहिल्या दिवशी मी "पुढे झुकत नाही" म्हटलं होतं. ते त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

पण काकांचं खरं नातं त्या दुकानाच्या दुसऱ्याच कोपऱ्याशी होतं. तिथं माल परत घेण्याचा काउंटर होता. तीस दिवसांत वस्तू परत केली तर विनातक्रार घ्यायची, असा दुकानाचा नियम. काका आठवड्याभराच्या विचारानंतर एखादं ड्रिल घरी आणायचे. खोकं अलगद उघडायचे, यंत्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे, पाढा म्हणायचे, टेबलावर मांडून त्याच्याकडे बघत चहा प्यायचे. भोक मात्र पाडायचे नाहीत. पावती फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली असायची आणि एकोणतिसाव्या दिवशी सकाळी ते ड्रिल परत. तिसाव्या दिवशी कधीच नाही. "शेवटच्या दिवशी माणूस भीतीनं हो म्हणतो," ते म्हणायचे.

त्या काउंटरवर एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई बसायची. काका खोकं घेऊन आले की ती इंग्रजीत म्हणायची, "अरेरे. हेही नाही जमलं?" काका म्हणायचे, "माणूस चांगलं आहे. पण आमच्यासाठी नाही." ती मान डोलावून शिक्का मारायची. तिला सगळं कळत असावं.

आता हे सगळं कशासाठी, तर पाच पायऱ्यांच्या कठड्यासाठी.

घराच्या मागे, गाडी लावायच्या जागेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत लाकडी पाच पायऱ्या होत्या. घरातले सगळे तिकडूनच ये-जा करायचे. जुना कठडा कुजला, म्हणून मी येण्याच्या दोन वर्षं आधी काकांनी तो उपटून टाकला आणि जाहीर केलं, "नवा मी स्वतः बसवणार." लाकूड आणलं, बोल्ट आणले, कागदावर चित्र काढलं. फक्त ड्रिल राहिलं. तेव्हापासून काकू भाजीची पिशवी एका हातात घेऊन, दुसरा हात घराच्या भिंतीला लावत, एकेक पायरी चढायच्या. त्यांचा उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता.

शेजारी नागपूरचा एक आयटीतला मुलगा राहायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "काका, माझं ड्रिल घ्या ना बे! आत्ता आणतो. अर्ध्या तासात लावून मोकळे होऊ यार."

"उसन्या हत्यारानं स्वतःच्या घराला भोक पाडायचं नाही."

"मग मिस्त्री बोलवा."

ह्यावर काकूच बाहेर आल्या. "मिस्त्री नको. ह्यांनी शब्द दिलाय. आता दुसऱ्या कुणी कठडा लावला, तर मी त्याला हात लावायची नाही."

मला तेव्हा हे फार विचित्र वाटलं होतं. आमच्या घरी असं असतं तर आईनं आप्पांना जेवण वाढलं नसतं. पण काका आणि काकू दोघंही त्या न झालेल्या कठड्याला धरूनच उभे होते जणू. काका म्हणत, बसवीन तर असा की पुन्हा बघायला नको. काकू म्हणत, बसवाल तेव्हा चढेन ऐटीत.

त्या नागपूरकराच्या ड्रिलचा मात्र काकांनी रीतसर दाखवण्याचा कार्यक्रम केला. रविवारी सकाळी त्याला ड्रिल घेऊन बोलावलं. काकूंनी कांदेपोहे केले. काकांनी ड्रिल टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि विचारायला सुरुवात केली. घरात कधीपासून आहे? थंडीत गॅरेजमध्ये राहिलं तर सकाळी उठतं का? रागावतं का? तो मुलगाही असा वस्ताद, की मान खाली घालून म्हणाला, "थोडं शांत स्वभावाचं आहे काका. पण घरचं सगळं करतं." काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी काकांनी शेरा दिला, "पोहे उत्तम. स्थळाचं कळवतो."

कळवलं नाहीच. पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलाची बदली बेलव्ह्यूला झाली आणि तो ड्रिल, करवत सगळं घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

काकांच्या ह्या नादाचा मला एकदा फायदा झाला, तोही सांगते. दुसऱ्या सेमिस्टरला एका विषयात मला काही म्हणजे काही कळत नव्हतं आणि प्रोफेसरकडे जायचा धीर नव्हता. टेबलाशी बसून मी रडकुंडीला आले होते. काका समोर बसून एका ड्रिलचं माहितीपत्रक वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "मी त्याच दुकानात तोच प्रश्न कितीतरी वर्षं विचारतोय. मला कुणी हाकललं का?" दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरच्या दारावर टकटक केलं. त्यांनी मला हाकललं नाही.

मग २००७ साल आलं आणि काकूंचा गुडघा अगदीच थकला. डॉक्टरांनी बदलायचा ठरवला. तारीख मिळाली ती नवरात्रातली. ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी हॉस्पिटलमधल्या बाईंनी घराची माहिती विचारली. आत जायला पायऱ्या आहेत का? पाच. कठडा आहे? काका चष्मा पुसायला लागले. त्या बाईंनी कागदावर लिहिलं आणि सांगितलं की दोन्ही बाजूंना मजबूत कठडा नसेल, तर ऑपरेशननंतर पेशंटला घरी पाठवता येणार नाही. दोन-तीन आठवडे पुनर्वसन केंद्रात ठेवावं लागेल.

काकू तिथं कधीतरी एका मैत्रिणीला भेटायला गेल्या होत्या. घरी येताना गाडीत म्हणाल्या, "तिथं सकाळी उकडलेला बटाटा देतात. मीठसुद्धा वेगळ्या पुडीत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला दिवाळीला माझ्या घरात असायचंय."

घरी आल्यावर काकांनी वही उघडली.

आणखी घोळ असा, की लिथियमच्या बॅटऱ्या तेव्हा नुकत्या दुकानात दिसायला लागल्या होत्या. हलक्या, पण नव्या. काकांच्या वहीतल्या सगळ्या घराण्यांत ही नवी सून आली होती आणि त्यांना सगळी पानं पुन्हा लिहावी लागली. तीन आठवड्यांतले अडीच तसेच गेले. गुरुवारी काकूंचं ऑपरेशन नीट पार पडलं. शुक्रवारी हॉस्पिटलमधून निरोप आला: सोमवारी घरी सोडू, पण रविवारी दुपारी चारपर्यंत कठड्याचं नक्की कळवा. शुक्रवारी संध्याकाळी काका एकटेच दुकानात गेले आणि एक ड्रिल घेऊन आले. मधल्या आकाराचं, नव्या बॅटरीचं. खोकं टेबलावर ठेवून म्हणाले, "ठरलं."

शनिवारी खंडेनवमी होती. काकूंनी हॉस्पिटलच्या पलंगावरून फोन केला, "हत्यार नवं आहे. आज त्याची पूजा करा. हळदीकुंकू लावल्याशिवाय हात लावू नका, आणि पूजेनंतर उद्यापर्यंत त्याला हलवू नका." काका देवाधर्मातले नव्हते. पण त्या दिवशी काकूंनी सांगितलं असतं तर ते ड्रिलला नैवेद्य भरवायलाही बसले असते.

ती पूजा मी बघितली नाही, लायब्ररीत होते. संध्याकाळी घरी आले तर पाटावर सगळं मांडलेलं. समोर माहितीपत्रकातलं यंत्राच्या भागांचं चित्र उघडं आणि त्यातल्या एक ते अकरा आकड्यांपुढे पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा. कोरडं कुंकू प्लास्टिकला चिकटेना, म्हणून काकांनी ते पाण्यात दाट कालवून घेतलं होतं. इंजिनिअर माणूस. चित्रात जेवढे भाग होते, तेवढ्यांना प्रत्येकी एकेक बोट व्यवस्थित लावलं होतं. "एकही सुटला नाही," ते समाधानानं म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सातला त्यांनी बॅटरी चार्जरवर बसवली. लाल दिवा लुकलुकला आणि लुकलुकतच राहिला. काढली, परत लावली. तेच. यंत्रात घालून चाप दाबला. काहीच नाही.

काका खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "घराणंच चुकलं." आणि त्यांनी वही ओढली.

मला इतकी भीती काकूंच्या ऑपरेशनचीही वाटली नव्हती. वही उघडली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दुकान दहाला उघडणार, काका पाढे म्हणत फिरणार, आणि चारला फोन वाजणार. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी कोण बोलणारी? मी खाली माझ्या खोलीत गेले, भारतात बोलायचं, मोजक्या मिनिटांचं कॉलिंग कार्ड घेतलं, वर आले आणि त्यांच्यासमोरच विट्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडे संध्याकाळ होती.

"बोल पोरी," आप्पांचा आवाज आला. "सोनं घे, सोन्यागत ऱ्हा. निघालोच हुतो बग द्यायला."

मी म्हटलं, "आप्पा, इथं काकांनी नवं ड्रिल आणलंय. बॅटरीचं. ती चार्ज होत नाही."

"पूजा केली का काल?"

"केली."

"कुकू कुठं लावलंय?"

मी काकांकडे बघितलं. काका फोनपाशी वाकून म्हणाले, "सगळीकडे."

"बॅटरीच्या त्या पितळंच्या पट्ट्यांवर बी?"

"आकडा नऊ," काका पुटपुटले. "हो. लावलंय."

तिकडून आप्पा हसले. शेडमध्ये हसायचे तसे, मोकळे. "सायेब, देवाच्या डोळ्यात कुकू गेल्यावर देवाला तरी दिसंल का? घरात खोडरबर हाय का, पोरांचं? त्येनं घासा. पाणी लावू नगा. कोपऱ्यात काडीनं टोकरा."

मी दप्तरातलं खोडरबर आणलं. काकांनी घासायला घेतलं. लाल भुकटी टेबलावर पडत राहिली. बॅटरी पुन्हा बसवली. लाल दिवा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

काकांनी फोन दोन्ही हातांत उचलला. "तुम्हाला हे कसं कळलं?"

"सुतार हाय मी. जन्म गेला की ह्यात. वायरीचं मशीन हाय माजं, त्येला बी एकदा असंच झालं हुतं."

माझे कान तापले. काका माझ्याकडे वळले. आता विचारतील, तू तर बिझनेस म्हणाली होतीस. पण काकांचा चेहरा भलत्याच कारणानं लाल झाला होता.

"दोन वर्षं!" ते ओरडले. "दोन वर्षं माझ्या घरात सुताराची मुलगी राहतेय, आणि मी त्या एप्रनवाल्या पोरांना प्रश्न विचारतोय?"

आप्पांनी लाकडाची चौकशी केली. काकांनी सांगितलं, चार वर्षं गॅरेजमध्ये पडून आहे. आप्पा म्हणाले, "मग झ्याक. वाळून कडक झालं असंल. लोकं वलंच वापरत्यात आन् मग वाकतंय."

"ऐकलंस?" काका मला म्हणाले. "मी उगाच थांबलो नव्हतो!"

"थांबायला ना न्हाई सायेब," आप्पा म्हणाले. "पर आता बाईमाणूस घरी यायचंय न्हवं? ऐका. खांब आधी. आधी बारीक भोक पाडायचं, आन् मग..."

कार्ड संपलं. फोनमध्ये नुसती टूंऽऽ.

"मग काय?" काकांनी फोनला विचारलं. मग मला. "मग काय?"

ह्या वेळी मी बोलले. म्हटलं, "मग मोठं भोक. मग बोल्ट. पण बोल्ट आवळायच्या आधी खांब ओळंब्यात घ्यायचा." ओळंबा नव्हता. मी काकूंच्या बॅगेचं कुलूप काढून दोऱ्याला बांधलं आणि खांबापाशी सोडलं. ते हलायचं थांबेपर्यंत दोघंही श्वास रोखून उभे राहिलो. तेवढ्यात बॅटरी भरली. काकांनी चार वर्षांतलं पहिलं भोक पाडलं. लाकडाचा बारीक भुगा त्यांच्या बुटांवर पडला. ते थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे तर सोपं आहे!" मग एवढे हसायला लागले की मला ड्रिल त्यांच्या हातातून काढून घ्यावं लागलं.

आम्ही आलटूनपालटून काम केलं. मी वर्षानुवर्षं फक्त बघितलेलं होतं, पण हातांना ते माहीत होतं. पावणेचारला दुसऱ्या बाजूचा शेवटचा बोल्ट बसला. काकांनी कठड्यावर सगळं वजन टाकलं, पाय उचलले आणि तसेच लोंबकळत अख्खा पाढा म्हटला. कठडा हलला नाही. फोन वाजला तेव्हा ते धापा टाकत होते. "हो," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना."

सोमवारी काकू आल्या. पायरीपाशी काठी मला दिली आणि दोन्ही हात कठड्यांवर ठेवले. आधी नुसतं लाकूड चाचपलं. काका मागे उभे होते, पडल्या तर धरायला. काकू चढू लागल्या आणि मला काकांचं पुटपुटणं ऐकू आलं. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." प्रत्येक पायरीला एक. पाचव्या पायरीवर काकू म्हणाल्या, "पुरे आता. पोहोचले मी." मग मागे वळून एक हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. ऐटीत.

दिवाळी घरात झाली. दिवाळीनंतर एका शनिवारी सकाळी मी वर आले, तर काका बूट घालत होते आणि ड्रिलचं खोकं काखेत होतं. मी कॅलेंडर बघितलं. एकोणतिसावा दिवस.

काकू म्हणाल्या, "बघतेस काय? चल, मीही येतेय. मला बाहेर पडून महिना झाला."

दुकानात काका सरळ त्या कोपऱ्यातल्या काउंटरपाशी गेले. चष्मेवाल्या बाईनं खोकं बघून सुस्कारा टाकला आणि शिक्का हातात घेतला. "अरेरे. हेही नाही जमलं?"

"जमलं," काका म्हणाले. "परत करायला नाही आणलं. तुम्हाला दाखवायला आणलंय."

त्या बाईनं शिक्का खाली ठेवला. काउंटरच्या बाहेर आली. तिनं खोक्यातून ड्रिल काढलं, त्याच्या पाठीवरच्या लाल डागावर अंगठा फिरवला, आणि काही न विचारता हात खांद्याच्या रेषेत पुढे धरून काकांकडे बघत राहिली. काकांना एक क्षण कळलंच नाही. मग त्यांनी पाढा सुरू केला. "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद"ला तिनं हात खाली घेतला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण जरासं जड नाही वाटत?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी ड्रिल हातात घेतलं, उजव्यातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात. त्यांची नजर हळूहळू पलीकडच्या रांगेकडे वळली. तिथं नवी खोकी लागली होती.

"अहो," काकू म्हणाल्या. "कुंकू लागलंय त्याला."

"हो, पण आजचा दिवस आहे अजून. पावती..."

काकूंनी पर्समधून पावती काढून उलटी धरली. कार्ड संपलं त्या दिवशी काकांनीच तिच्या पाठीवर माझ्याकडून आप्पांचा नंबर लिहून घेतला होता, पुढचे प्रश्न विचारायला. त्याखाली आता आप्पांशी बोलायची ठरलेली वेळ, 'रविवार सकाळ', लिहिलेली होती आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"ही मी द्यायची नाही," काकू म्हणाल्या आणि पर्स बंद केली.

काकांनी ड्रिल खोक्यात ठेवलं. गाडीपर्यंत ते खोकं तोलत, मान हलवत चालले होते. "जडच आहे जरा," ते म्हणत होते. "पण हातात बसलंय."